वारंवार फुटणारा कान : थेंब बदलण्याआधी काय तपासावे

ज्यांचा कान वर्षातून तीन-चार वेळा फुटतो, थेंब घातले की आठ दिवसांत कोरडा होतो आणि पुढच्या सर्दीला किंवा डोक्यावरून केलेल्या अंघोळीला पुन्हा वाहू लागतो, अशा प्रौढांसाठी हे टिपण आहे. मी डॉक्टर नाही. भोसरीच्या एका कारखान्यात तीस वर्षे देखभाल विभागात काढली आणि त्यांतली शेवटची सहा वर्षे माझा उजवा कान वाहत होता. एकच फ्यूज महिन्यात तिसऱ्यांदा उडाला तर चौथा बसवायचा नसतो, लाइन तपासायची असते, हे मी शिकाऊ मुलांना रोज सांगत असे आणि संध्याकाळी घरी येताना सदाशिव पेठेतल्या औषधाच्या दुकानातून तेच थेंब घेत असे. पुढे जे लिहिले आहे ते उपचार करणाऱ्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी समजावलेले आणि मी नोंदवहीत उतरवून घेतलेले आहे. त्यावरून स्वतःच औषध ठरवू नये. तज्ज्ञाकडे जाताना कोणते प्रश्न घेऊन जायचे, ते मात्र ठरवता येईल.

काही लक्षणे दिसली तर हे टिपण बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कान वाहत असताना तोंड एका बाजूला वाकडे होणे, गरगरणारी चक्कर, एकाएकी ऐकू येईनासे होणे, कानामागे सूज येऊन कानाची पाळी पुढे ढकलली जाणे, थंडी वाजून ताप, मान आखडणे, उलट्यांसह असह्य डोकेदुखी किंवा बोलण्यात गोंधळ ही ती लक्षणे होत. मधल्या कानाच्या छताला लागून मेंदूचे आवरण आहे आणि चेहरा हलवणारी नस त्याच पोकळीतून हाडाच्या पातळ नळीतून जाते. त्यामुळे आतला पू जागा सोडून पसरला तर तो कुठे जाईल, हे वेगळे सांगायला नको.

वाहतो आहे तो मधलाच कान आहे का?

हा प्रश्न बाळबोध वाटतो, पण बरीच वर्षे येथेच वाया जातात. कानाच्या बाहेरच्या नळीला सूज आली तरी पाणी येते, बुरशी झाली तरी ओल येते, आणि तिन्ही प्रकारांना आपण ‘कान फुटला’ असेच म्हणतो. घरच्या घरी कळण्यासारख्या दोन खुणा आहेत. कानाच्या भोकासमोरचा कूर्चेचा लहान उंचवटा दाबला किंवा पाळी ओढली की जीव जात असेल, तर आजार बहुधा बाहेरच्या नळीचा असतो. उलट, स्राव शेंबडासारखा तार धरणारा असेल आणि दुखत फारसे नसेल, तर तो पडद्याच्या आतून येत असतो, कारण शेंबूड तयार करणाऱ्या ग्रंथी बाहेरच्या नळीत नसतातच. तार धरणारा स्राव बाहेर आला याचा अर्थ पडद्याला भोक आहे. अशा कानातून दोन आठवड्यांहून अधिक काळ स्राव येत राहिला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार तो मधल्या कानाचा जुनाट पूयुक्त दाह ठरतो. काही तज्ज्ञ ही मुदत सहा आठवडे किंवा तीन महिने धरतात.

माझ्या बाबतीत तिसरी एक खूण होती आणि तिचा अर्थ मी अनेक वर्षे उलटा लावला. मुंबईला जाताना खंडाळ्याचा घाट उतरू लागलो की डाव्या कानाला दडे बसत, उजव्याला कधीच बसत नसत. वाहत असला तरी उजवा कानच अधिक मोकळा आहे, असे मी अभिमानाने सांगत असे. दडे बसतात ते पडद्याच्या आतला आणि बाहेरचा दाब सारखा नसल्यामुळे. पडद्याला भोक असेल तर दाब तेथूनच सारखा होतो. पहिल्या भेटीत तज्ज्ञांनी हे ऐकले आणि कानात दुर्बीण घालण्यापूर्वीच त्या हसल्या.

थेंब पोहोचतात का?

माझ्या मते वारंवार फुटणाऱ्या कानांपैकी सर्वांत अधिक कान येथे अडतात, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहितो. कान पुवाने भरलेला असताना वरून थेंब घातले तर ते पुवावर तरंगतात आणि कूस बदलली की उशीवर येतात. उशीच्या अभ्र्यावर पिवळट डाग पडत, तेव्हा “अहो, औषध कानात घालताय की उशीत?” असे पत्नीने एकदा विचारले होते. तो प्रश्न चेष्टेत उडवून न लावता मी त्यावर विचार केला असता, तर दोन वर्षे वाचली असती.

त्यामुळे उपचाराची पहिली पायरी औषध नसून सफाई आहे. तज्ज्ञ मायक्रोस्कोपखाली बारीक नळीने कानातला पू शोषून घेतात, त्याला दवाखान्यात ‘सक्शन’ म्हणतात. नळी कानात गेली की स्ट्रॉने तळाशी उरलेले सरबत ओढावे तसा, पण डोक्याच्या आत कुठेतरी, खरखर आवाज होतो. पहिल्या वेळी मला काही क्षण भोवंडल्यासारखे झाले. हवेच्या गारव्याने आतल्या कानाचा तोल ढळतो म्हणून तसे होते, असे नंतर कळले. समोरच्या पडद्यावर चित्र दिसत होते. पू निघून गेल्यावर आठ-दहा मिलिमीटर रुंदीच्या पडद्यात डाळिंबाच्या दाण्याएवढे भोक आणि त्याच्या आड लालसर ओले अस्तर स्वच्छ दिसले. सहा वर्षे ज्यावर थेंब टाकत होतो ती जागा मी त्या दिवशी प्रथम पाहिली.

ही सफाई एकदा करून भागत नाही. स्राव जास्त असेल तर पहिले काही आठवडे ती पुन्हा पुन्हा करून घ्यावी लागते. मधल्या दिवसांत घरी करायचे असेल, तर कापसाची किंवा टिश्यू कागदाची पातळ वात करून ती कानाच्या तोंडाशी अलगद धरावी, ओली झाली की बदलावी आणि कोरडी निघेपर्यंत हे करत राहावे. वात आत खुपसायची नाही. बाजारातल्या कापूस लावलेल्या काड्या पू आत ढकलतात, आणि स्टेशनाजवळ कान साफ करून देणाऱ्यांची सळई तर दृष्टीआडच ठेवावी. पडदा फाटलेल्या कानात पिचकारीने पाणी मारून मळ काढू देऊ नये. आधी सांगितले नाही तर मारणाऱ्याला भोक आहे हे कळत नाही.

सफाईनंतर थेंब. बाटली चार-पाच मिनिटे मुठीत किंवा खिशात ठेवून अंगाइतकी कोमट करावी, कारण गार थेंबांनी चक्कर येते. वाहता कान वर करून कुशीवर आडवे व्हावे, सांगितलेले थेंब घालावेत आणि कानासमोरचा तो उंचवटा पंपासारखा काही वेळा आत दाबावा. दाबल्याने औषध भोकातून आत सरकते. पाचेक मिनिटे तसेच पडून राहावे. थोड्या वेळाने घशात कडवट चव आली तर थेंब मधल्या कानातून घशाला जोडणाऱ्या नळीत उतरले, म्हणजे जायचे तेथे पोहोचले. ही चव मला सहा वर्षांत कधी लागली नव्हती. सक्शन झाल्यानंतर पहिल्याच रात्री लागली आणि मी तारखेसह नोंदवून ठेवली. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहावी, महिन्यानंतर ती टाकून द्यावी.

पोहोचूनही उपयोग होत नसेल तर औषध कोणते आहे ते पाहावे

या जुनाट दाहात बहुतेक वेळा स्यूडोमोनास किंवा स्टॅफिलोकॉकस हे जीवाणू सापडतात. सर्दी-खोकल्यासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिडच्या गोळ्या स्यूडोमोनासवर चालत नाहीत, त्यामुळे गोळ्यांचा कोर्स पूर्ण करूनही कान तसाच राहिला तर नवल नाही. गुंतागुंत नसलेल्या कानात सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन यांचे थेंब गोळ्यांपेक्षा सरस ठरतात, आणि त्याचे कारण साध्या हिशेबात आहे. ०.३ टक्के सिप्रोफ्लॉक्सासिन म्हणजे दर मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम, अर्थात ३,००० मायक्रोग्रॅम. गोळी घेतल्यावर रक्तात उतरणारे प्रमाण दर मिलिलिटरला काही मायक्रोग्रॅमच्या आसपास राहते.

हाच हिशेब कल्चरचा रिपोर्ट वाचताना उपयोगी पडतो. थेंबांनी दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर पुवाचा नमुना तपासणीला पाठवतात, आणि रिपोर्टमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे ‘रेझिस्टंट’, म्हणजे या जंतूंवर हे औषध चालत नाही, असे आले की आपण घाबरतो. औषध चालते की नाही ही रेघ प्रयोगशाळा रक्तात मिळणाऱ्या प्रमाणावरून आखते. कानात थेट पडणारे औषध त्याच्या शेकडो पट तीव्र असते, त्यामुळे रिपोर्टमध्ये रेझिस्टंट ठरलेले औषधही थेंबांतून काम करू शकते. निर्णय अर्थातच तज्ज्ञांचा, पण थेंबांऐवजी सुचवलेल्या इंजेक्शनांना होकार देण्याआधी हा प्रश्न त्यांना जरूर विचारावा.

औषध तीव्र असूनही जंतू तगून राहतात याचे आणखी एक कारण आहे. जुनाट दाहात जीवाणू अस्तरावर बुळबुळीत थर करून राहतात. कारखान्यातल्या कूलिंग टॉवरच्या पाइपांत असाच थर धरत असे, आणि कितीही रसायन सोडले तरी घासल्याशिवाय तो निघत नसे. सक्शन पुन्हा पुन्हा का करायचे, हे मला त्या पाइपांवरून पटले.

दुकानातून परस्पर घेतलेल्या थेंबांबद्दल दोन गोष्टी. निओमायसिन, जेंटामायसिन या गटातली औषधे पडद्याला भोक असताना दीर्घकाळ घातली तर आतल्या कानाला इजा करू शकतात, आणि ती इजा भरून येत नाही. बाटलीवरची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचावीत. दुसरी गोष्ट बुरशीची. प्रतिजैविक आणि स्टेरॉइड यांचे एकत्र थेंब महिनोन्‌महिने घातले की जीवाणू हटतात आणि त्या ओलसर जागी बुरशी धरते. मग पू कमी होतो, पण खाज अशी सुटते की किल्ली कानात घालावीशी वाटते. आत भिजलेल्या टीपकागदासारखा थर आणि त्यावर काळे ठिपके दिसतात. त्या वेळी आधीचेच थेंब वाढवणे म्हणजे बुरशीला खत घालणे. तेथे सफाई आणि बुरशीनाशक औषध लागते. घरगुती तेलाबद्दल एवढेच सांगतो की लसूण घालून कडवलेले तेल आईने प्रेमाने घातले होते, आणि भोक असलेल्या कानात तेल, स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड यांपैकी काहीही घालू नये.

पाणी, नाक आणि साखर

मी अकरा महिने नोंदवही ठेवली. त्या काळात कान पाच वेळा वाहिला. त्यांपैकी तीन वेळा आदल्या एक-दोन दिवसांत डोक्यावरून अंघोळ झालेली होती, दोन वेळा सर्दी. एवढ्या थोड्या नोंदींवरून सिद्धांत मांडता येत नाही, पण माझ्या कानापुरते कुठे पाहायचे ते कळले. डोके धुताना कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन चोपडून तो कानाच्या तोंडाशी बसवावा आणि अंघोळ होताच काढून टाकावा. कोरडा कापूस पाणी अडवत नाही, शोषतो. पुण्यात उन्हाळा लागला की नातवंडांबरोबर पोहण्याच्या तलावावर जायची हौस येते, ती कान बरा होईपर्यंत आवरावी. कानात घट्ट बसणारे इयरफोन आणि श्रवणयंत्राचा साचा यांनीही कान कोंदट राहतो. श्रवणयंत्र टाळता येत नसेल तर वाहत्या दिवसांत ते दुसऱ्या कानात लावता येईल का, किंवा हवा खेळणारा साचा मिळेल का, हे विचारावे.

नाकाकडे मात्र बहुतेक जण दुर्लक्ष करतात. मधल्या कानापासून नाकामागच्या पोकळीपर्यंत सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांबीची नळी असते आणि कानाला हवा तिच्यातूनच मिळते. अॅलर्जीची सर्दी, जुनाट सायनस किंवा धूम्रपान यांमुळे तिच्या तोंडाशी सूज राहिली, तर कान वरून कितीही कोरडा केला तरी आतून पुन्हा ओला होतो. दिवाळीनंतरच्या गार सकाळी आणि बांधकामांच्या धुळीत ज्यांचे नाक कायम चोंदलेले असते, त्यांनी कानाबरोबर नाकाचीही तपासणी आणि उपचार करून घ्यावेत. नाक शिंकरताना एक नाकपुडी दाबून दुसरी हलकेच मोकळी करावी. दोन्ही दाबून जोर लावला तर शेंबूड कानाकडे जातो. पडदा शाबूत असून प्रौढ माणसाच्या एकाच कानात पाणी साचून राहिले, तर नाकामागच्या भागात गाठ नाही ना, हे दुर्बिणीने पाहून घेणे आवश्यक आहे. ही तपासणी पाच मिनिटांची आहे.

मधुमेह असणाऱ्यांनी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ही चाचणी करून घ्यावी, कारण साखर आटोक्यात नसेल तर कोणताही संसर्ग चिवट होतो. त्यांच्या बाबतीत रात्री झोप उडवणारा ठणका हे निराळेच लक्षण आहे. ते मधल्या कानाचे नसून बाहेरच्या नळीतून कवटीच्या हाडात उतरणाऱ्या स्यूडोमोनासच्या संसर्गाचे असू शकते, आणि तेथे थेंबांवर वेळ घालवणे धोक्याचे आहे. आपल्याकडे क्षयाचाही विचार करावा लागतो. दुखत नाही, पण भरपूर वाहतो, कुठल्याच औषधाला दाद देत नाही आणि ऐकणे अपेक्षेहून जास्त खालावते, असा कान असेल तर आतला तुकडा काढून क्षयासाठी तपासावा असे तज्ज्ञांना सुचवायला संकोच करू नये. क्षय निघाल्यास औषधे सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात.

थोडेच वाहते, पण वास येतो

भरपूर वाहणारा कान माणसाला घाबरवतो आणि थोडासा ओलसर कान निर्धास्त ठेवतो. धोक्याच्या दृष्टीने बहुधा उलटे असते. स्राव थोडा, पण कुजकट वासाचा, अधूनमधून रक्ताचा अंश आणि हळूहळू कमी होत जाणारे ऐकू येणे, असे चित्र असेल तर कोलेस्टिॲटोमाची शंका घ्यावी लागते. हे नाव योहानेस म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३८ साली दिले आणि ते दोन्ही अंगांनी फसवे आहे, कारण त्यात कोलेस्टेरॉलचा संबंध नाही आणि ती अर्बुदाची गाठही नाही. पडद्याचा वरचा सैल भाग आत ओढला जाऊन त्याची पिशवी होते, तिच्यात त्वचेच्या मृत पेशी साचत जातात आणि ती पिशवी वाढताना शेजारचे हाड कुरतडत जाते. ऐकण्याची नाजूक हाडे, चेहऱ्याच्या नसेची नळी, तोल सांभाळणाऱ्या नलिका, कवटीचा तळ हे सारे तिच्या वाटेत आहे. थेंबांनी वास काही दिवस जातो, पिशवी जात नाही. कानाच्या हाडाचा सीटी स्कॅन करून शस्त्रक्रियेने ती समूळ काढणे हा तिच्यावरचा उपाय आहे. काही शस्त्रक्रियांनंतर आत काही उरले आहे का हे पाहण्यासाठी वर्षभराने कान पुन्हा उघडावा लागतो किंवा विशिष्ट प्रकारचा एमआरआय करतात. ज्यांच्या कानात शस्त्रक्रियेनंतर मोठी पोकळी ठेवली जाते, त्यांना ती वर्षातून एक-दोनदा साफ करून घ्यावी लागते, आयुष्यभर.

भोक बुजवावे का?

माझ्या कानात पिशवी नव्हती, मधल्या भागात साधे भोक होते. कान कोरडा होऊन काही आठवडे तसाच राहिल्यावर शस्त्रक्रियेचा विषय निघाला. ती न करताही पाणी आणि सर्दी सांभाळून राहता येते, आणि वय किंवा इतर आजारांमुळे काहींना तेच योग्य ठरते. पण माझा कान सांभाळूनही फुटत होता आणि ऐकण्याच्या चाचणीत हवेतून व हाडातून ऐकू येण्यात बरेच अंतर दिसत होते, म्हणजे आतली नस ठीक होती आणि अडचण पडद्याशी होती. कानशिलाजवळच्या स्नायूवरचे पातळ आवरण काढून ते पडद्याला ठिगळासारखे आतून लावतात. कधी कूर्चेचा तुकडाही वापरतात. बहुतेकांचे ठिगळ धरते, पण सर्वांचे धरत नाही, आणि ऐकणे किती सुधारेल हे आतल्या हाडांवर अवलंबून असते, हे सही करण्याआधी विचारून घ्यावे.

पुण्यात खासगी रुग्णालयांतले खर्च एकमेकांपासून फार दूर आहेत, म्हणून लेखी अंदाजपत्रक मागावे. ससून सर्वोपचार रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. आपली शस्त्रक्रिया त्या यादीत बसते का, हे दाखल होण्यापूर्वी योजनेतल्या रुग्णालयात मदतीला बसणाऱ्या आरोग्यमित्राकडून कळते. मी स्वतः ज्या रुग्णालयात प्रथम गेलो तेथे सक्शन न करताच शस्त्रक्रियेची तारीख देऊ केली होती. तातडीचे कारण नसेल, तर वाहता कान कोरडा करण्याचा नीट प्रयत्न झाल्याशिवाय साध्या भोकाची तारीख घेण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे.

नंतरचे पथ्य कंटाळवाणे, पण सोपे आहे. काही आठवडे नाक जोराने शिंकरायचे नाही, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्यायची, वजन उचलायचे नाही, कानात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही आणि विमानप्रवास तज्ज्ञांच्या परवानगीशिवाय करायचा नाही. शस्त्रक्रियेनंतर कानात भरलेला बोळा, म्हणजे पॅक, काढेपर्यंत आवाज विहिरीतून आल्यासारखे वाटतात, त्याने घाबरू नये. तीन महिन्यांनी माझी ऐकण्याची चाचणी पुन्हा झाली. त्यानंतर मुलीकडे ठाण्याला जाताना खंडाळ्याच्या उतारावर दोन्ही कानांना दडे बसले. मी आवंढा गिळला, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी ‘टक्‌’ असा आवाज झाला, आणि घरी पोहोचल्यावर नोंदवहीत तेवढेच लिहिले.